काजळाचे डोळे

गोरखचा फोन आला तेव्हा दिलशाद अवसरीच्या कॉलेजबाहेर रिक्षात बसली होती, सफाचं डोकं मांडीवर घेऊन. पोरीला तीन दिवस ताप होता आणि तो तिने तीन दिवस आईपासून लपवला होता. परीक्षा होती म्हणे. मैत्रिणीने शेवटी न राहवून फोन केला, तेव्हा दिलशाद जुन्नरहून शाळेतला तास अर्धा टाकून धावत आली होती. रिक्षा दवाखान्याकडे निघत होती आणि फोन वाजत होता.

"ताई, गोरख बोलतोय, सोंडवाडीवरनं. दोन मिनटं हायेत का?"

"बोला ना भाऊ."

"पाटीचं नक्की झालं बरं का. जत्रंच्या दिवशी सकाळी बसवतोय. काळा दगड, सोनेरी अक्षरं, उस्तादांचं नाव वरच्या ओळीत. पण देवळातली चित्रांची भिंत लई काळवंडलीय वो. दिव्यांची काजळी, उदबत्त्यांचा धूर, कोळ्यांची जाळी. नाव लागायचं आन् भिंत अशी पारोशी, बरं दिसतंय का? म्हणलं पाण्यानं धुऊन काढू. चालंल ना? उस्तादांना इचारून सांगा जरा."

विचारायची गरजच दिलशादला वाटली नाही. लहानपणापासून तिने अब्बांच्या तोंडून एकच गोष्ट शंभरदा ऐकली होती. ओल्या चुन्यावर लावलेला रंग भिंतीच्या वर नसतो, भिंतीच्या पोटात असतो. घागरीने पाणी ओता, काही होत नाही.

"धुवा की," ती म्हणाली. "पाण्याने काही होत नाही त्याला."

फोन ठेवून तिने सफाच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ तव्यासारखं भाजत होतं. पुढचे आठ दिवस सलाइन, रक्ताचे रिपोर्ट, मऊ भात आणि पोरीशी भांडण यात गेले. गोरखचा फोन ती पार विसरून गेली.

तय्यब उस्ताद, म्हणजे दिलशादचे अब्बा, मूळचे इथले नव्हेत. राजस्थानात झुंझुनूच्या बाजूला त्यांचं गाव. त्यांच्या जमातीत घर बांधायचं काम आणि तेच घर रंगवायचं काम एकाच माणसाचं. हातात सकाळी थापी आणि दुपारी कुंचला. जुन्नरच्या एका मारवाडी व्यापाऱ्याला आपल्या मुलखात असतात तशा रंगवलेल्या भिंती हव्या होत्या, म्हणून त्याने १९७० साली तिकडून दोन माणसं बोलावली. एक तय्यबचे चाचा आणि दुसरा तेवीस वर्षांचा तय्यब. काम आठ महिन्यांचं होतं. आठ महिन्यांनी चाचा परत गेले. तय्यब राहिला.

का राहिलात, असं कुणी विचारलं की उस्ताद दरवेळी वेगळं कारण सांगत. कधी म्हणत इथलं पाणी गोड, कधी म्हणत इथला चुना चांगला. खरं कारण रुकय्या होती, हे सगळ्या जुन्नरला ठाऊक होतं. रुकय्या कागदी घराण्यातली. तिच्या आजोबांपर्यंत घरात हातकागद बनायचा. तो धंदा बसल्यावर बाप बांगड्या विकायला लागला. गावोगावच्या जत्रांत बाप आणि लेक चादर अंथरून बसत. बाप पैसे घेई, रुकय्या बायकांच्या हातात बांगड्या भरी. समोरचीचा हात दोन्ही हातांनी दाबून, मऊ करून, मान खाली घालून ती बांगडी चढवायची. बांगडी फुटली तर तिचाच जीव खालीवर व्हायचा. उस्ताद म्हणत, "तिनं मला पहिले तीन महिने वर मान करून बघितलंच न्हाई. मी तिच्या भांगाशीच लग्न ठरवलं."

पंचवीस वर्षं उस्तादांनी जुन्नर-आंबेगावच्या खेड्यांतली देवळं रंगवली. अकरा देवळं, दोन दर्ग्यांच्या वेलबुट्ट्या, व्यापाऱ्यांची चार घरं. चुना ते स्वतः विरवायचे, दही घालून महिनोन्महिने मुरवायचे. दिवसभरात जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा सकाळी द्यायचा, आणि तो ओला आहे तोवर गेरू, पिवडी, नीळ त्यात जिरवायची. मग अकीकाच्या गोट्याने घोटून घोटून भिंत आरशासारखी करायची. संध्याकाळी खांदा वर उचलवत नसे. रुकय्या तिळाच्या तेलाने चोळून द्यायची.

पुढे ऑइलपेंट आला; दर्गे त्याखाली गेले, व्यापाऱ्यांची घरं पाडून इमारती झाल्या. नंतर देवळांचे जीर्णोद्धार सुरू झाले आणि भिंतींवर फरश्या आल्या. कुठून तरी बातमी लागायची. उस्ताद एसटीने जायचे, संध्याकाळी परत यायचे, हातपाय धुवायचे, जेवायला बसायचे. भाकरी मोडता मोडता एकच वाक्य बोलायचे. "पेठच्या अलीकडच्या देवळाला टाइल बसली." कुणी गेल्याचं सांगावं तसं. असं दिलशादने दहा वेळा ऐकलं.

अकरावी सोंडवाडी. पिंपळवंडीच्या शिवारापलीकडची चाळीस-पन्नास घरांची वाडी, तिथलं मळगंगेचं देऊळ. ते वाचलं ते वाडीकडे पैसा नव्हता म्हणून. मग टोमॅटोने पैसा दिला आणि फरश्यांचे नमुनेही येऊन पडले. पण गोरखची श्रेया पुण्याला आर्किटेक्चर शिकत होती. सुट्टीत आली आणि बापाला भिंतीपुढे उभं करून म्हणाली, "पप्पा, असली भिंत आता आपल्या भागात शोधून सापडणार नाही. फरशी लावलीत तर मी पुन्हा गावात पाऊल टाकणार नाही." गोरख देवस्थान कमिटीचा अध्यक्ष होता आणि लेकीला भीत होता. फरश्या परत गेल्या. पाटी लावायची ठरलं. एकदा दगडावर नाव कोरलं की भिंतीला कुणी हात लावणार नाही, हा श्रेयाचा हिशेब. दिलशादलाही तो पटला. अब्बा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. उजवा हात चार वर्षांपासून थरथरत होता; चहाचा कप बशीवर वाजला की आतल्या खोलीत तिला कळायचं, अब्बा उठले. त्यांचं म्हणून जगात एवढी एकच भिंत उरली होती. ती त्यांच्यामागे राहावी, एवढंच तिला हवं होतं.

जत्रेच्या दिवशी सकाळी तालिबने, म्हणजे दिलशादच्या नवऱ्याने, व्हॅन काढली. सफाचा ताप उतरला होता, पण दिलशादने तिला घरीच झोपवून ठेवलं होतं आणि निघाल्यापासून तिला दोनदा फोन करून झाला होता. अब्बांनी पांढरा झब्बा घातला होता आणि डोक्यावर वाडीने कधीकाळी दिलेला फेटा बांधायचा हट्ट धरला होता. फेटा तालिबने बांधला. तो एका कानावर उतरत होता.

"त्रेसष्ट माणसं हायेत भिंतीवर," अब्बा वाटेत तालिबला सांगत होते. ही गोष्ट तालिबने लग्नात पहिल्यांदा ऐकली होती आणि नंतर दर ईदला. "अख्खी जत्रा. मधी देवीची पालखी. आन् एकपण मानूस खोटा न्हाई. गोरखचा आजा बैल धरून उभा केला मी, आठ दिवस. बैल उभा राहिला, आजा राहीना. सारखा तंबाखू मागायचा."

"आणि डोळ्यांचं सांगा," तालिब म्हणाला. त्याला सासऱ्यांना बोलतं ठेवायचं होतं.

"डोळ्याचं काय झालं, वाडीचा गुरव म्हनला, उस्ताद, देवीची पूजा व्हायच्या आधी कुणाचा डोळा उघडायचा न्हाई. रीत हाय आमची. अर्धवट देऊळ कुणी बघायचं नसतं. चार म्हयनं मी भिंत रंगवली, सगळी मानसं बिनडोळ्याची. लेकरं रडायची बघून. मग पूजेच्या दिवशी पहाटे बसलो. गुरव म्हनला, घराघरातलं काजळ आणा. बाया आल्या, कुणी डबीत, कुणी पानावर, कुणी आपल्या बोटावरच घेऊन आली. सगळं एका वाटीत केलं, बाभळीचा डिंक घातला, आन् दुपारच्या आरतीपर्यंत सगळ्यांचे डोळे उघडले. घंटा वाजली तवा शेवटचा डोळा व्हता."

दिलशाद मागच्या सीटवर ऐकत होती. शंभरदा ऐकलेली गोष्ट. मग एकाएकी तिला गोरखचा फोन आठवला. चार महिन्यांनंतर. म्हणजे चुना तेव्हा ओला नव्हता.

तिने विचारायला तोंड उघडलं, आणि समोर रस्त्याच्या कडेला गोरख उभा दिसला. नवा पांढरा सदरा, गळ्यात उपरणं, आणि तोंड असं की घरात कुणी गेलंय. व्हॅन थांबायच्या आत तो दाराशी आला.

"ताई, जरा खाली उतरा," तो हळूच म्हणाला. "लई इपरीत झालंय."

त्याने थोडक्यात सांगितलं. काल दुपारी पोरांनी फवारणीचा पंप लावला, टोमॅटोवर औषध मारायचा. टाकी आधी तीन पाण्यांनी धुतली, औषधाचा वासही राहू दिला नाही. लांबून, बारीक फवारा धरून सगळी भिंत वरपासून खालपर्यंत धुतली. काजळी सगळी निघाली. रंग असे उजळले की पोरांनी शिट्ट्या मारल्या. संध्याकाळी अंधार पडला म्हणून सगळे घरी गेले. सकाळी गुरव दार उघडून आत गेला आणि ओरडत बाहेर आला.

"डोळं गेलं, ताई. सगळ्यांचं."

दिलशादला पुढचं ऐकू आलं नाही. आपण रिक्षात बसून म्हणालेलं वाक्य मात्र तिला शब्दनशब्द ऐकू आलं.

अब्बांना व्हॅनमध्ये बसवून ठेवणं शक्य नव्हतं. ते स्वतःच उतरले, काठी टेकत, फेटा सावरत, सभामंडपाची पायरी चढले. आत पंचवीस-तीस माणसं होती, पण पंगतीआधी असतो तसला गलका नव्हता. सगळे बाजूला झाले.

भिंत अशी कधीच दिसली नव्हती. गेरू रक्तासारखा ताजा, पिवडी हळदीसारखी. पालखीचे गोंडे, घोड्यांचे लगाम, बायकांच्या काठाचे बुट्टे, सगळं कालच रंगवल्यासारखं. आणि त्या सगळ्या रंगात माणसं तोंडावर दोन पांढरे डाग घेऊन उभी होती. भुवया होत्या. नाकं होती. हसू होतं. गोरखचा आजा बैलाची वेसण धरून हसत होता आणि त्याला डोळे नव्हते. कुठे कुठे काळा ओघळ गालावर वाळला होता.

अब्बांनी जवळ जाऊन एका वाळलेल्या ओघळावरून बोट फिरवलं. काठीवरचा हात थरथरत होता, पण तो नेहमीच थरथरायचा.

"डिंक," ते शेवटी म्हणाले. "डिंकाचे व्हते."

"मी पुण्याहून सकाळी आले, उस्ताद," श्रेया पुढे येऊन म्हणाली. तिचे डोळे रडून सुजले होते. "मला कुणी विचारलंच नाही. मी पप्पांना सांगितलं असतं, नुसत्या कोरड्या ब्रशने..."

"चूक माझी हाय," गोरख मोठ्याने म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्याने एकदा दिलशादकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. "कुणालापण न इचारता मीच पंप लावला. मारा मला जोडे."

दिलशादने तोंड उघडलं. तिला बोलायचं होतं. पण समोर अब्बा होते, आणि गोरखने ते वाक्य सगळ्या वाडीपुढे आपल्या अंगावर घेतलं होतं, आणि तो क्षण गेला. नंतर ती स्वतःला पुष्कळ वेळा विचारणार होती की तो क्षण किती लांबीचा होता.

"झालं ते झालं. आता आरतीला तीन तास हायेत," कोपऱ्यात बसलेली धोंडाबाई म्हणाली. सत्तरीची म्हातारी, पाठीत वाकलेली, पण आवाज खणखणीत. "पालखी उठायची हाय. आंधळ्या मानसांपुढनं देवीची पालखी न्यायची का? माझी सासू हाय तिथं, दीर हाय. त्यांनी काय चाचपडत दर्शन घ्यायचं?"

"आजी, आठ दिवस थांबू," श्रेया म्हणाली. "मी आमच्या सरांना बोलावते."

"तुझं सर येतील तवा येतील. जत्रा आज हाय, बाई."

मग सगळ्यांच्या नजरा उस्तादांकडे वळल्या. कुणीतरी बाहेर गेलं, आणि थोड्या वेळात बायका यायला लागल्या. पुन्हा काजळ. आता घरी काजळ धरणाऱ्या दोन-तीनच म्हाताऱ्या उरल्या होत्या; बाकीच्यांनी दुकानातल्या डब्या आणल्या, एका नव्या सुनेने पेन्सिल आणली आणि ती देताना लाजली. धोंडाबाईने सगळं एका वाटीत केलं. डिंक आला. कुंचला श्रेयाच्या पिशवीतून निघाला.

गोरखने खुर्ची आणली आणि उस्तादांना बैलाशेजारी, आपल्या आज्यासमोर बसवलं. अब्बांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. दिलशादने पाहिलं, ते श्वास रोखून थांबले, जसे पूर्वी थांबायचे. कुंचल्याचं टोक भिंतीला लागलं. क्षणभर बारीक, काळी, सुंदर रेघ उमटली, आणि मग हात उडाला. रेघ कपाळात गेली.

"पुन्हा बघा, उस्ताद. घाई न्हाई," गोरख म्हणाला.

दुसऱ्यांदा रेघ नाकावर गेली. तिसऱ्यांदा त्यांनी कुंचला टेकवलाच नाही. मांडीवर ठेवला. पांढऱ्या झब्ब्यावर काळा डाग पडला.

"पोरी, तू काढ," ते श्रेयाला म्हणाले. "मी सांगतो."

श्रेया एक पाऊल मागे सरली. "मला नाही जमणार, उस्ताद. मी नकाशे काढते, तेही कॉम्प्युटरवर. मी हात लावला तर त्याहून वाईट होईल."

ती खरं बोलत होती. दिलशादने आपले हात पाहिले. ती चित्रकाराची मुलगी, आणि आयुष्यात तिने फळ्यावर खडूने पृथ्वीचा गोल काढला होता, तोही वाकडा. अब्बांनी तिला शिकवायचं म्हटलं होतं तेव्हा अम्मीच म्हणाली होती, पोरगी शिकू दे, चुन्यात हात घालून काय मिळालं तुम्हाला?

अम्मी आठवली तशी ती भिंतीच्या टोकाकडे वळली. दाराजवळच्या कोपऱ्यात, जिथे जत्रेची दुकानं रंगवली होती, तिथे बांगडीवाली बसली होती. मांडीवर तान्हं मूल, समोर हिरव्या लुगड्यातली नवी नवरी हात पुढे करून. मांडीवरचं झोपलेलं मूल म्हणजे दिलशाद. नवी नवरी म्हणजे धोंडाबाई. आणि नवरीचा हात दोन्ही हातांत घेऊन, मान खाली घालून बांगडी चढवणारी रुकय्या.

तिला काही झालं नव्हतं. रुकय्याचे डोळे कधी उघडलेच नव्हते. ती खाली बघत होती, त्यामुळे तिथे नुसत्या पापण्या होत्या, आणि मिटल्या पापण्यांना गुरवाची हरकत नव्हती. त्या अब्बांनी ओल्या चुन्यातच गेरूच्या एका वळणाने काढल्या होत्या. त्या भिंतीच्या पोटात होत्या. पाण्याने त्या अधिकच उजळल्या होत्या. अम्मीला जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली होती. घरात तिचे दोन फोटो होते, दोन्हींत ती कॅमेऱ्याकडे दचकून बघत होती. ती खरोखर जशी दिसायची तशी ती इथेच होती.

दिलशादला हुंदका आला आणि लाजही वाटली. त्रेसष्टांमधली एक वाचली होती, आणि आपल्याला बरं वाटत होतं.

"डबा काढा," धोंडाबाई म्हणाली.

गुरवाने गाभाऱ्यातून पितळी डबा आणला. मळगंगेला डोळ्यांचा नवस बोलायची रीत. डोळे आले, मोतीबिंदू झाला, लेकरू तिरळं बघायला लागलं, की बाया चांदीचे डोळे वाहतात. पन्नास वर्षांचे डोळे त्या डब्यात साठले होते. चांदीचे, पत्र्याचे, मुलामा दिलेले, मधोमध काळं बुबुळ काढलेले. देवीच्या तांदळ्यालाही, शेंदूर फासलेल्या त्या बिनचेहऱ्याच्या दगडालाही, असेच डोळे बसवलेले होते. वाडीच्या दृष्टीने यात वावगं काहीच नव्हतं. दगडाला डोळे द्यायची ही एकच पद्धत त्यांना माहीत होती, आणि ती देवाला चालत होती.

"नका हो," श्रेया म्हणाली. "आजी, पप्पा, नका. ती चित्रं आहेत."

"चित्र तुला असंल," धोंडाबाई म्हणाली. "माझी सासू हाय ती. रोज सकाळी हिला हात जोडून मी शेतावर जाते. तुझ्या पुण्यात मानसं आंधळी ठेवत असतील."

गोरखने उस्तादांकडे पाहिलं. "उस्ताद, तुमी सांगा. चालंल का? तुमी न्हाई म्हणला तर डबा परत आत."

अब्बांनी भिंतीकडे पाहिलं, मग धोंडाबाईकडे, मग आपल्या हाताकडे. दिलशादला वाटलं, नाही म्हणा. एकदा नाही म्हणा. पण ज्या माणसाला स्वतःला देता येत नाही, त्याने दुसऱ्याला देऊ नको कसं म्हणायचं?

"चालंल," अब्बा म्हणाले.

पाटी बसवायला आलेल्या गवंड्याकडे फरशी चिकटवायचं केमिकल होतं. पोरांनी शिडी लावली. भराभर काम सुरू झालं. एकजण बोटाने ठिपका देई, दुसरा डोळा दाबे. जोड्या जमत नव्हत्या. एका पालखीच्या भोयाला एक मोठा आणि एक लहान डोळा लागला, त्यावर पोरं हसली आणि मग सगळेच हसायला लागले. गोरखचा आजा टकटक बघू लागला. कुणीतरी म्हणालं, "म्हातारा आता तंबाखू मागतोय बघ." वाडीचा जीव भांड्यात पडला होता. माणसं आपापल्या माणसांपुढे जाऊन हात जोडत होती.

मेणाने लावले असते तर उन्हाळ्यात आपसूक पडले असते. चुन्यावर हे केमिकल बसलं की काढताना चुन्याचा पापुद्रा घेऊनच निघेल, एवढं दिलशादलाही कळत होतं. अब्बांना तर कळत होतंच. ते खुर्चीत बसून मान हलवत होते, पोरं विचारतील त्याला हो म्हणत होते.

शिडी कोपऱ्याकडे सरकत आली. दिलशाद पुढे झाली.

"हिला नको," ती म्हणाली. "हिला लागत नाहीत. ती खाली बघतेय."

शिडीवरचा पोरगा थांबला. धोंडाबाई कमरेवर हात ठेवून उठली आणि हळूहळू जवळ आली.

"का गं दिलशाद? तिनंच काय घोडं मारलंय?"

"आजी, तिचे डोळे गेलेच नाहीत. त्या पापण्या आहेत. बांगडी भरताना..."

"मला काय सांगतीस? माझाच हात हाय तिच्या हातात." म्हातारीने भिंतीवरच्या हिरव्या बांगड्यांवर बोट ठेवलं. "लग्नानंतरच्या पहिल्या बांगड्या रुकय्यानं भरल्या मला. एकपण फुटली न्हाई. सगळ्या वाडीला डोळं द्यायचं आन् तिला एकटीलाच तसंच ठेवायचं? का, ती आमची न्हाई? उद्या लोक काय म्हणतील, वाडीनं बांगडीवालीला वगळली?"

"तसं नाही हो आजी..."

"मंग कसं?"

दिलशादने अब्बांकडे पाहिलं. अब्बा खुर्चीतून अर्धे उठले होते. हात वर आला होता, थरथरत, जसा कुणाला थांबवायला वर येतो. धोंडाबाईने तो पाहिला आणि तिला वाटलं, उस्ताद आशीर्वाद देतायत. तिने कनवटीची पुरचुंडी सोडली. आत कोरे करकरीत चांदीचे डोळे होते, डब्यातल्यांपेक्षा मोठे.

"माझ्या मोतीबिंदूचं व्हतं, देवीला आजच वाहायचं व्हतं," ती म्हणाली. "देवी समजून घील. रुकय्याला माझ्या हातानं लावते."

म्हातारीच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की दिलशाद बाजूला झाली. अब्बांचा हात खाली आला. तालिबने त्यांना धरून पुन्हा बसवलं.

धोंडाबाईने पापण्यांवरून पदर फिरवला, जसा लेकराच्या तोंडावरून फिरवतात, आणि एक डोळा दाबून धरला. मग दुसरा. रुकय्याने आयुष्यात पहिल्यांदा मान न उचलता समोर बघितलं. सताड, रुपेरी, कुणाकडेच नाही.

बाराच्या ठोक्याला घंटा वाजली. आरती झाली. नारळ फुटला, पाटीवरचा कपडा सरकवला. काळ्या दगडावर सोनेरी अक्षरं झळकत होती. या भिंतीवरील चित्रे तय्यब इलाहीबक्ष, मूळ गाव जिल्हा झुंझुनू, राजस्थान, यांनी सन १९७९ मध्ये ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंगवली असून ती आजही जशीच्या तशी आहेत. शेवटचे शब्द श्रेयाने फार अभिमानाने लिहून दिले होते. आता ती दाराबाहेर तोंड फिरवून उभी होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उस्तादांना पाटीखाली बसवून फोटो काढले, फेटा सरळ करून. प्रत्येक फोटोत त्यांच्यामागे कुणाचे तरी चांदीचे डोळे चमकले.

पंगतीला ते बसले. दोन घास खाल्ले. गोरख स्वतः वाढत होता. दिलशादच्या पानाशी आला तेव्हा तो वाकून हळूच म्हणाला, "ताई, मनाला लावून घिऊ नगा." त्याने जास्तीचा भात वाढला. तिला मान वर करता आली नाही.

परतीच्या वाटेवर पिंपळवंडी मागे पडली. सफाचा फोन आला, जेवले, गोळी घेतली, ताप नाही. दिलशादने विचारलं, खरंच नाही? सफा म्हणाली, खरंच नाही, अम्मी. त्या "खरंच"वर किती भरवसा ठेवायचा ते आईला कळेना. फोन बंद केल्यावर ती सीटवर पुढे सरकली.

"अब्बा. गोरखभाऊंनी मला विचारलं होतं. फोन करून. भिंत धुऊ का म्हणून. तुम्हाला विचारा म्हणाले होते. मी तुम्हाला विचारलं नाही. मीच म्हटलं, धुवा."

तालिबने आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि गाडीचा वेग कमी केला.

अब्बांनी मागे वळून पाहिलं नाही. मांडीवर उतरवून ठेवलेल्या फेट्याचं टोक ते बोटात धरून होते आणि ते टोक हलत होतं.

"मला इचारलं असतं तरी मी धुवाच म्हणलो असतो," ते म्हणाले. "डोळ्याचं माझ्या ध्यानात नव्हतं राहिलं."

सकाळीच, याच गाडीत, याच सीटवर बसून त्यांनी डिंकाची वाटीसुद्धा आठवून सांगितली होती. दिलशादने ते ऐकलं होतं. तालिबनेही ऐकलं होतं. सफा लहान असताना तिच्या हातून अम्मीच्या वेळची काचेची बरणी फुटली, तेव्हा दिलशाद असंच म्हणाली होती, अगं, तिला आधीच तडा होता. तडा कुठेच नव्हता.

तिने हात पुढे करून अब्बांचा उजवा हात धरला. दोन्ही हातांत दाबून धरला, बांगडी भरायच्या आधी धरतात तसा. जुन्नर येईपर्यंत धरून ठेवला, पण तो थांबला नाही.